डोळ्याच्या पडद्याची निवड

डोळा म्हणजे एक कॅमेराच होय, असें शालेय पुस्तकांतून शिकविलें जातें. पुढें भिंग, मागें पडदा आणि पडद्यावर उलटी प्रतिमा, येथपर्यंत ही उपमा खरी आहे. परंतु प्रतिमा पडल्यानंतर जें घडतें, त्यास ती लागू पडत नाहीं. छायाचित्राची कांच आलेला प्रकाश निमूटपणें नोंदविते. डोळ्याचा पडदा त्याची छाननी करतो.

एक साधें उदाहरण घ्यावें. रात्रीं दिव्याखालीं वाचलेलें वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीं भर उन्हांत अंगणांत धरलें, तरी अक्षरें काळींच दिसतात व कागद पांढराच. वस्तुतः उन्हांतील काळें अक्षर डोळ्याकडे जितका प्रकाश पाठवितें, तितका रात्रींचा पांढरा कागदही पाठवीत नव्हता! मग तें काळें कां दिसावें? कारण डोळा प्रकाश मोजीत बसत नाहीं. शेजारच्या भागाहून तो कमी कीं अधिक, हेंच मुख्यतः पाहतो.

हें काम दृष्टिपटलांत सुरू होतें. सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा हा पडदा गर्भावस्थेंत मेंदूपासूनच फुटून निघतो. त्याच्या मागील थरांत सुमारें १२ कोटी दंडपेशी व ६० लक्ष शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशांत उपयोगी पडतात. रंगांचें ज्ञान शंकुपेशींमुळें होतें. यांची रीत मोठी विलक्षण आहे. काळोखांत त्या स्वस्थ नसतात. त्यांच्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि त्या पुढील पेशींवर एक रासायनिक द्रव्य सतत सोडीत असतात. प्रकाश पडला कीं त्यांच्यांतील, अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या एका रेणूचा आकार बदलतो, प्रवाह मंदावतो व स्राव कमी होतो. अंधारांत बोलावें आणि उजेडांत गप्प व्हावें, अशी ही भाषा आहे!

पुढील द्विध्रुवी पेशींपैकीं कांहीं या मौनानें जाग्या होतात, कांहीं मौन सुटल्यावर. त्याच वेळीं आडव्या पेशी शेजारच्या भागाचा जोर मधल्या भागांतून वजा करतात. त्यामुळें सर्वत्र सारखा असलेला प्रकाश फारसा परिणाम करीत नाहीं. कडा, रेषा व हालचाल मात्र उठून दिसतात. १९३८ सालीं अमेरिकेंत हार्टलाइन यांनीं बेडकाच्या डोळ्यांतील एकेक तंतू तपासला. कांहीं तंतू प्रकाश असेपर्यंत संदेश देत, कांहीं तो येतांना व जातांना, तर कांहीं केवळ तो गेल्यावर. पुढें १९५३ सालीं कफलर यांनीं मांजराच्या डोळ्यांत दाखविलें कीं, शेवटच्या थरांतील गँग्लियन पेशीस मध्यावरील उजेड चेतवितो, तर भोंवतालचा उजेड दडपतो. कांहीं पेशींत नेमकें याच्या उलट घडतें.

याच गँग्लियन पेशींचे सुमारें १० ते १२ लक्ष तंतू मेंदूकडे जातात. कोट्यवधि पेशींचा वृत्तांत असा संक्षेपानें पोहोंचतो. हे तंतू जेथें एकत्र होऊन डोळ्याबाहेर पडतात, तेथें प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नाहींत. कागदावर डावीकडे फुली व तीन इंचांवर उजवीकडे ठिपका काढावा. डावा डोळा मिटून, उजव्यानें फुलीकडेच पाहत कागद सुमारें एक फुटावर धरून थोडा पुढेंमागें करावा. ठिपका नाहींसा होतो. त्याच्या जागीं भोंक दिसत नाहीं, पांढरा कागदच दिसतो. उणीव मेंदू आपल्या अंदाजानें भरून काढतो.

मेंदूची हीच कुशलता एका रोगांत घातक ठरते. काचबिंदूमध्यें गँग्लियन पेशी व त्यांचे तंतू हळूहळू नष्ट होतात. त्याच्या नेहमींच्या प्रकारांत डोळा दुखत नाहीं. बहुधा कडेची दृष्टि प्रथम जाते आणि मधली दीर्घकाळ टिकते. उणीव झांकली जात असल्यानें रोग्यास बरेंच दिवस पत्ता लागत नाहीं. मोतीबिंदूंत भिंग गढूळ होतें व तें शस्त्रक्रियेनें बदलतां येतें. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत आणण्याचा उपाय आजही नाहीं. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनीं डोळ्यांतील दाब कमी करून उरलेली दृष्टि मात्र बहुधा राखतां येते. म्हणून "मोतीबिंदूच असेल, पिकल्यावर पाहूं," असें म्हणून घरांतील वडील मंडळींनीं स्वस्थ बसूं नये. चाळिशीनंतर, आणि आईबाप वा भावंडांस हा रोग असल्यास विशेषेंकरून, डोळ्यांचा दाब व तंतूंचें मूळ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावें. डोळा जें सांगत नाहीं, तें परीक्षेनेंच कळतें.