‘वेडाचं सोंग घेऊन सुटला’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खुनाच्या बातमीत आरोपीच्या मानसिक आजाराचा उल्लेख आला, की कोर्टाआधी लोकच निकाल देऊन मोकळे होतात: हा आता सुटणार!

गैरसमज : डॉक्टरांचा कागद दाखवला की सुटका.

वस्तुस्थिती : नुसता आजार असून भागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 84, एवढंच विचारतं: कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चुकीचं, बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता आजारामुळे उरली नव्हती का? ते आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. म्हणून त्याचं आधीचं आणि नंतरचं वागणं तपासलं जातं. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने बायकोच्या डोक्यात दगड घातला. तो पळाला नाही, लपला नाही. त्याचे उपचार आधीपासून चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता. तरीही खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याला दोषी ठरवलं. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया ग्राह्य धरून त्याला निर्दोष सोडलं. असं फार क्वचित घडतं.

गैरसमज : असा माणूस निर्दोष ठरला की थेट घरी.

वस्तुस्थिती : कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देतं, किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं. खटला समजण्याच्याच अवस्थेत नसलेल्यांची स्थिती त्याहून वाईट. त्यांचा खटला थांबतो, कोठडी मात्र चालूच राहू शकते. आसामच्या मचांग लालुंग यांना 1951 मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं, तरी रवानगी झाली ती तुरुंगात. सुटका 2005 मध्ये. खटला न चालताच 54 वर्षं गेली. सुटण्याची चर्चा करणाऱ्यांनी या अडकलेल्यांचीही आठवण ठेवावी.

गैरसमज : आत्महत्येचा प्रयत्न केला तर शिक्षा होते, म्हणून लपवा.

वस्तुस्थिती : 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली मानतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम 309 नव्या संहितेत उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. दुर्दैवाने अटक झालीच, तर पहिल्याच हजेरीला मॅजिस्ट्रेटना आजाराबद्दल सांगा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.