बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

रात्री सगळे दिवे मालवावेत आणि छतावरचा एलईडी मात्र पुरता विझू नये, अंधारात मंद तेवत राहावा किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकावा, हा प्रकार अनेक घरांत दिसतो. बल्ब खराब समजून लोक तो बदलून आणतात. नवाही तसाच वागतो. खोट बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते, आणि ती जुनीच असते.

पूर्वीचा 60 वॉटचा पिवळा बल्ब पाव अँपिअर करंट खायचा. वायरीतून झिरपणाऱ्या नगण्य करंटाने त्याची तार तापतही नसे. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र तेवढ्यावरही हळूहळू भरतो आणि मग दिवा क्षणभर चमकतो. म्हणजे दोष एलईडीने आणला नाही, फक्त दाखवला.

हा करंट येतो कुठून? बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून. साधं बटण बसवलं की विषय संपला. जिन्यातल्या टू-वे जोडणीत लांबलचक वायरी शेजारून धावतात, तिथेही असं होतं आणि त्यात धोका नसतो. तिसरं कारण मात्र गंभीर आहे: बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आणलेला असणं. मग बटण बंद केल्यावर दिवा विझल्यासारखा वाटतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. स्टुलावर चढून बल्ब काढणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. बटण फेजवरच हवं, असं वायरिंगचं भारतीय मानक, आयएस 732, सांगतं.

तपासायची सुरुवात प्लगपासून करावी. अर्थिंगचं मोठं भोक वर असताना उजव्या भोकात टेस्टर पेटायला हवा. घरभर डाव्या भोकात पेटत असेल, तर फेज-न्यूट्रलची अदलाबदल मीटरपाशी किंवा डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, झालेली असण्याची शक्यता जास्त. अशा घरात एकेरी एमसीबी पाडला तरी तुटतो तो न्यूट्रल, आणि बोर्ड जिवंत राहतो! म्हणून बोर्ड उघडण्याआधी दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल मेन स्विच पाडायचा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, कारण मेन गेला की तो आपलं काम इमानेइतबारे सुरू करतो.

प्लग ठीक, पण एकच दिवा मिणमिणतो? मग बोर्डाची प्लेट काढून, सप्लाय परत देऊन, पायात रबरी चप्पल घालून एकाच हाताने टेस्टर लावायचा. इथे बहुतेकांची फसगत होते. बटण बंद असताना दोन स्क्रूंपैकी एकावर टेस्टर पेटतो, जोडणी बरोबर असो वा उलटी. बल्बमधून फिरून आलेला फेजही त्याला पुरतो. खरं उत्तर बटण चालू असताना मिळतं. दिवा पेटलेला आहे आणि दोन्ही स्क्रूंवर टेस्टर पेटतो, तर बटणावर फेज आहे. दिवा पेटलेला, पण टेस्टर कुठेच पेटत नाही, तर न्यूट्रल आहे. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पेटवून पाहिलेला हवा, नाहीतर मेलेल्या टेस्टरवर विसंबून राहाल. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला आणि घरातलं काहीच चालेना, तर न्यूट्रल तुटलाय, हे वायरमन लोकांचं जुनं ज्ञान. त्याला अजून तोड नाही.

बटणाला हात लावला की गरम, आत चरचर, ही तक्रार त्यामानाने साधी. स्क्रू ढिला असतो किंवा आत कार्बन धरलेला असतो. सप्लाय पूर्ण बंद करून बटणच बदलावं, घासूनपुसून परत लावू नये.

घरातला दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसंच्या तसं बदलायला केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत मुभा आहे. नवा पॉइंट काढणं आणि उलटा फेज सरळ करणं मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडे द्यावं. त्याला सांगताना 'बल्ब मिणमिणतो' एवढंच न सांगता 'बटण चालू असताना स्क्रूवर टेस्टर पेटत नाही' असं सांगितलं, तर तो बल्ब न बदलता थेट बोर्ड उघडेल.