थांबणारा माग

नागोया शहरात लाल विटांची एक जुनी गिरणी आहे. साकिची तोयोदा या सुताराच्या मुलानं १९११ साली मागांवर प्रयोग करण्यासाठी इथं कारखाना काढला. १९९४ पासून तिथं टोयोटाचं संग्रहालय आहे. येणाऱ्यांचा ओढा साहजिकच मोटारींकडे असतो. मी मात्र मागांच्या दालनातच रेंगाळलो. तिथं १९२४ चा ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. प्रात्यक्षिक दाखवणारा कर्मचारी ताण्याचा एकच धागा तोडतो आणि सगळा खडखडाट जागच्या जागी बंद पडतो.

यातली युक्ती अगदी साधी आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा ताठ असेपर्यंत ती वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, हलत्या भागाला अडते आणि माग थांबतो. बाण्याचं सूत संपत आलं तर मात्र हाच माग थांबत नाही, चालता चालताच रिकामा होत आलेला धोटा बदलून भरलेला घेतो. कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही, हे यंत्राच्या रचनेतच ठरलेलं आहे. इचलकरंजीत किंवा मालेगावात साध्या यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही. तुटलेला ताणा वेळेत दिसला नाही, तर कापडात लांबच लांब रेघ पडते आणि ते कापड दुय्यम ठरतं.

माग स्वतःच थांबू लागल्यावर एकेका मागावर डोळे लावून बसायची गरज उरली नाही. एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं जपान, चीन आणि अमेरिका वगळून इतर देशांसाठी या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारी हीच ती कंपनी. मागाच्या व्यवसायाच्या जोरावरच साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि त्यातूनच टोयोटा उभी राहिली.

चूक होताच थांबण्याची मागाची ही सवय मोटारीच्या कारखान्यात नेली ताइइची ओनो यांनी. तेही आधी तोयोदांच्या कापड गिरणीतच होते; १९४३ मध्ये ते मोटार कंपनीत आले. पट्टीच्या जागी पुढे दोरी आली. जुळणीच्या रांगेत कुणालाही चूक दिसली की त्यानं दोरी ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, गटप्रमुख धावत येतो. रांग लगेच थांबत नाही. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत दोष निघाला तर काम चालू राहतं. नाही निघाला तर रांग थांबते. मग ‘असं का झालं?’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारायचा. बोल्ट ढिला का, तर पाना झिजलेला. पाना झिजलेला का, तर बदलण्याची मुदत कुणी ठरवलेलीच नाही. पहिल्या उत्तरावर थांबलं की दोष कामगारावर येतो. पाचव्यापर्यंत गेलं की तो व्यवस्थेत सापडतो.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानमधल्या कंपन्यांच्या प्रमुखांना हेच सांगत होते: बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था वरिष्ठांच्या हातात असते. तपासनीस शेवटी बसवून गुणवत्ता येत नाही, ती कामातच घालावी लागते. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावांनी त्याला जोड दिली, की पुढच्या टप्प्यावरचा माणूस हा आपला ग्राहकच. टोयोटानं १९६१ मध्ये गुणवत्तेची ही पद्धत कंपनीभर लागू केली आणि १९६५ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवलं. आज टीक्यूएम (टोटल क्वालिटी मॅनेजमेंट) म्हणून शिकवलं जातं ते याच विचारांवर उभं आहे. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानंही हे पारितोषिक मिळवलं, तेव्हा जगातल्या कुठल्याच ट्रॅक्टर कंपनीला ते मिळालेलं नव्हतं.

पण पट्टी आणि दोरी यांत एक मोठा फरक आहे. पट्टीला पडायची भीती वाटत नाही. माणसाला नोकरी असते, साहेब असतो, महिनाअखेरचा आकडा असतो.

१९८२ साली जनरल मोटर्सनं कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना बंद केला होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना, बहुतांशी त्याच कामगारांसह, पुन्हा सुरू झाला आणि चांगल्या गाड्या काढू लागला. मग जनरल मोटर्सनं हीच पद्धत आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेली. तिथं दोरी टांगली गेली, पण तिच्यामागचा विश्वास तिथवर पोचला नाही. रांग थांबवणं म्हणजे गुन्हा, अशी तिथल्या साहेबांची वर्षानुवर्षांची समजूत होती, कारण त्यांचा हिशेब होता बाहेर पडलेल्या गाड्यांचा. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.

परक्यांनाच हे जमलं नाही असं म्हणून सुटका नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या डायहात्सुमध्ये सुरक्षाचाचण्यांतले १७४ गैरप्रकार उघड झाले. सगळ्यात जुना १९८९ चा. ६४ मॉडेल्स त्यात अडकली, काही टोयोटाच्या नावानं विकली जाणारी. स्वतंत्र समितीनं कारण दिलं ते असं: नव्या गाड्यांचं वेळापत्रक विलक्षण घट्ट होतं आणि चाचणीत नापास होण्याला त्यात जागाच नव्हती. म्हणजे अडचण आहे असं म्हणायचं तर पूर्ण वेळापत्रक मोडायचं. दोरी ओढायचा अधिकार कागदावर असून उपयोग काय?

आपल्याकडे कारखान्यांच्या, रुग्णालयांच्या दर्शनी भिंतींवर गुणवत्तेचं धोरण चौकटीत लावलेलं असतं. खाली सही असते. ते वाचण्याऐवजी आतल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: चूक दिसली म्हणून इथं काम शेवटचं कुणी थांबवलं, आणि पुढच्या पगारवाढीत त्याचं काय झालं? पहिल्याला नाव मिळालं नाही, तर दोष होत नसतील असं समजू नये. ते शेवटी ग्राहकालाच सापडत असतात.