सच्चानुरक्खणा आणि विचारवंताची श्रद्धा

विचारवंत व्यासपीठावरून जे प्रतिपादन करतो, तेच त्याच्या अंतःकरणात असते काय, हे विचारण्याचा अधिकार श्रोत्यांना आहे. ज्याच्या शब्दावर विसंबून इतर लोक आपला मार्ग ठरवितात, त्याची श्रद्धा ही सर्वस्वी खासगी बाब राहत नाही. मात्र मनातील प्रत्येक गोष्ट उघड करणे म्हणजेच प्रामाणिकपणा, असेही नव्हे. या दोहोंमधील मर्यादेसंबंधी पालि तिपिटकात मूलगामी विवेचन आढळते.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ‘अमराविक्खेपिक’ श्रमण-ब्राह्मणांचे वर्णन येते. प्रश्न विचारला असता ते होय म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. याची चार कारणे सुत्तात दिली आहेत : असत्य बोलले जाईल ही भीती, उपादान जडेल ही भीती, पंडितांच्या उलटतपासणीची भीती आणि बुद्धिमांद्य. यांतील तिसरे कारण विद्वानांना विशेष लागू पडते. वच्छगोत्ताने आत्म्याविषयी प्रश्न केला असता भगवान बुद्धही मौन राहिले. परंतु त्या मौनाचे कारण त्यांनी नंतर आनंदाला विशद करून सांगितले. ज्या मौनाचे कारण सांगता येते, त्याला लपवाछपवी म्हणता येत नाही.

मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात कापठिक हा सोळा वर्षांचा तरुण सत्याचे रक्षण कसे होते, असे विचारतो. भगवंतांच्या उत्तराचा आशय असा : ज्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा आहे, त्याने ‘ही माझी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे, ‘हेच सत्य, अन्य सर्व मिथ्या’ असा निष्कर्ष काढू नये. रुची, परंपरा, तर्क आणि विचारान्ती पटलेले मत यांनाही हाच नियम आहे. यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. श्रद्धेला ज्ञान म्हणून मिरवू नये हे खरेच. पण ‘ही माझी श्रद्धा’ असे म्हणण्यासाठी ती आधी स्वतःची म्हणून मान्य करावी लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासात याची दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत. परंतु त्यांच्या बैठका गुप्तपणे होत. सभासदांची नावे 1860 च्या सुमारास उघड होताच सभा मोडली. बहिष्काराचे भय त्या काळी खरे होते, हे विसरता कामा नये. तथापि, लपविलेल्या मताचे समर्थन करण्यास ऐन वेळी कोणी उरले नाही.

याउलट, 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. धम्मदीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात. या 21 वर्षांत निश्चय प्रकट होता आणि शोधही चालू होता. त्यांच्या पश्चात 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रव्रज्या, चार आर्यसत्ये, अनात्म व पुनर्जन्म आणि भिक्खुसंघ यांविषयीचे चार प्रश्न त्यांनी मांडले आहेत. श्रद्धा स्वीकारूनही शंका झाकली नाही.

विचारवंताकडून सर्वज्ञतेची अपेक्षा नाही. आपण काय मानतो, किती जाणतो आणि कोठे साशंक आहोत, हे त्याने वेगवेगळे सांगावे. त्याच्या शब्दावर चालणाऱ्यांचे एवढे देणे त्याच्याकडे लागते.