सकाळी कार सुरू करताच आरपीएम का वाढतो?

अहिल्यानगर : थंडीत सकाळी पेट्रोल कार सुरू केली की आरपीएमचा काटा काही वेळ हजाराच्या वर राहतो. हा बिघाड नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो. तोपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन बरेचसे तसेच बाहेर पडते.

त्याला लवकर तापवण्यासाठी इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आरपीएम वाढवतो आणि स्पार्क उशिरा देतो. उशिरा पेटलेल्या इंधनाची उष्णता पिस्टन ढकलण्यात कमी खर्च होते. उरलेली धुरासोबत कन्व्हर्टरकडे जाते.

नव्या मॉडेलची तपासणी मान्यताप्राप्त संस्था करतात. नगरची व्हीआरडीई त्यांपैकी एक. नव्या कारची प्रदूषण चाचणी थंड इंजिनापासून सुरू होते. पीयूसी मात्र गरम इंजिनावर होते, त्यामुळे सुरुवातीचे प्रदूषण त्यात दिसत नाही.

मग काय कराल?

- हा वाढीव आरपीएम मेकॅनिककडून कमी करून घेऊ नका.
- बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.
- गाडी उभी करून तापवत बसू नका. थोड्याच वेळात हळू निघा. चालत्या गाडीत कन्व्हर्टर लवकर तापतो.