परप्रांतीची जुनी मोटार व तिजवरील कर

खडकीच्या बाजूस राहणाऱ्या शेतकऱ्यास कर्नाटकातील जुनी मोटार स्वस्त दिसते. परंतु सौद्यापूर्वी कराचा हिशेब मांडणे अवश्य आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नोंदणी नसलेल्या खाजगी मालकाच्या विक्रीवर तो बसत नाही. व्यापाऱ्यास मात्र २०२५ पासून खरेदी-विक्रीतील फरकावर शेकडा १८ प्रमाणे भरावा लागतो. खरा बोजा मोटार-कराचा होय. मूळ राज्यात तो एकरकमी भरलेला असला, तरी महाराष्ट्रात गाडीच्या वयोमानाप्रमाणे पुन्हा द्यावा लागतो; पहिल्या भरण्याचा परतावा तिकडेच अर्ज करून मागावा लागतो. १९८८ च्या कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवल्यास नवा क्रमांक घेणे प्राप्त आहे. सबब मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला विक्रेत्याने द्यावा, ही अट इसारपावतीतच लिहून घ्यावी. किंमत व येथील कर यांची बेरीज स्थानिक भावाहून कमी भरली, तरच सौदा करावा.