ज्युलिया ज्यो यांचा गालिचा



मुलाकडे अमेरिकेला गेले असताना अॅरिझोना राज्यातील विन्स्लो या रेल्वेच्या गावी जाणे झाले. तेथील जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. त्यात नवाहो आदिवासी स्त्रियांनी विणलेला एक गालिचा पाहिला. रुंदी सुमारे २१ फूट, लांबी ३२ फुटांहून अधिक. आपल्या दोन खोल्यांचे घर त्यात सहज मावेल!

लॉरेन्झो हबेल नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळावे म्हणून हे काम सांगितले. विणले ज्युलिया ज्यो आणि त्यांच्या घरच्या बायांनी. १९३७ साली ते पुरे झाले, त्याला कित्येक वर्षे लागली होती. नवाहोंचा माग उभा असतो. बाई त्याच्यासमोर बसून खालून वर विणत जाते आणि प्रत्येक धागा लाकडी फणीने ठोकून बसवते, इतका घट्ट की ताणा दिसतच नाही. पण विणणे हे शेवटचे काम. त्याआधी मेंढ्या कातरायच्या, लोकर धुवायची, पिंजायची, चातीवर कातायची. ज्यांच्या घरी घोंगडी विणत असत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे सारे मेंढीवर आले. नवाहोंमध्ये मेंढ्यांची मालकी बहुधा बायकांची. १८६३-६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची शेते जाळली, कळप मारले आणि आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल चालवत नेऊन बंदिवासात ठेवले. १८६८च्या तहानंतर ती परतली. सरकारने दिलेल्या थोड्या मेंढ्यांवर बायांनी पुन्हा कळप वाढवले. पुढे १९३३ पासून, चराईने जमीन झिजते म्हणून, त्याच सरकारने कळप कमी करायला लावले. हजारो जनावरे गोळ्या घालून जागीच टाकून दिली. जमीन झिजत होती हे खरे असेल. पण ज्यांची जनावरे त्या बायांना कोणी विचारले नाही.

हा गालिचा मागावर चढलेला होता तो याच वर्षांत. हे कळल्यावर मी पुन्हा आत गेले आणि किती तरी वेळ उभी राहिले. बाहेर मुलगा घड्याळ पाहत होता.

त्या गालिच्याला आज हबेल-ज्यो गालिचा म्हणतात. दुकानदाराचे नाव आधी, पण विणणारीचेही आहे.

घरी आल्यावर आपल्या विक्रीतली एक पिशवी कपाटातून काढली. पाड्यावरच्या कोणा बाईने शिवलेली. चिठ्ठीवर फक्त संस्थेचे नाव आणि किंमत. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. नाताळच्या विक्रीपूर्वी त्या नव्याने लिहायच्या आहेत. पाड्यांवर जाणाऱ्या भगिनींनी शिवणाऱ्या बायांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, नावे माझ्याकडे पाठवावीत.